गरम झाली की रेस घेत नाही: अ‍ॅक्सिलरेटर पेडल सेन्सरच्या तपासाच्या नोंदी

९ एप्रिल

गाडी डिझेल, मॅन्युअल गिअर, पेडलला केबल नाही, पायाखाली नुसतं सेन्सरचं युनिट आणि सहा वायरींचा कनेक्टर. तक्रार अशी की थांबून परत निघताना पेडल दाबलं तरी रेस घेत नाही. इंजिन बंद पडत नाही, १२०० आरपीएमच्या आसपास चिकटून बसतं आणि पाय पार खाली टेकवला तरी काटा हलत नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो. कडेला घ्यायची, किल्ली बंद, थोडं थांबून परत स्टार्ट, की एकदम शहाण्यासारखी चालायला लागते. सकाळी कधीच होत नाही, दुपारी गाडी उन्हात उभी राहिली असेल तर होण्याची शक्यता जास्त, आत्तापर्यंत एवढंच कळलंय.

स्कॅनर लावला. एकच कोड, पी २१३८.

हा कोड दिसला की लोक थेट पेडल मागवतात, म्हणून त्याचा अर्थ इथेच लिहून ठेवतो. पेडलच्या आत दोन वेगळे सेन्सर असतात, प्रत्येकाला स्वतःचा ५ व्होल्टचा सप्लाय, स्वतःचा अर्थ (म्हणजे अर्थिंगची वायर) आणि स्वतःची सिग्नलची वायर, म्हणून सहा वायरी. कोडमध्ये एकाला डी म्हणतात, दुसऱ्याला ई. २१२२ म्हणजे डीचा व्होल्टेज फार कमी, २१२३ म्हणजे फार जास्त, २१२७ आणि २१२८ हेच ईसाठी. २१३८ म्हणजे दोघंही आपापल्या मर्यादेत आहेत पण एकमेकांशी जुळत नाहीत. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते ईसीयूलाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाही) माहीत नसतं, त्यामुळे माझ्या गाडीत तो दोघांचंही ऐकणं बंद करतो आणि किल्ली बंद होईपर्यंत तसाच हट्ट धरून बसतो. २१३५ हा वेगळा, तो थ्रॉटल बॉडीचा, नंबर जवळचा आहे म्हणून गल्लत होते.

फ्रीझ फ्रेम बघितली, म्हणजे कोड पडला त्या क्षणी ईसीयूने टिपून ठेवलेले आकडे. स्पीड ०, कूलंट ८८ डिग्री, आरपीएम ८५०. म्हणजे कोड पेडल दाबल्यावर पडलाच नव्हता, पाय काढलेला असताना गाडी नुसती उभी होती तेव्हाच पडला होता, आपल्याला कळतं ते निघताना दाबल्यावर. हे तेव्हा वहीत लिहिलं आणि पुढे बराच काळ त्याच्याकडे बघितलंच नाही.

११ एप्रिल

साधं ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारं) अ‍ॅडॉप्टर आणि फोन, एवढ्यावर पेडलचे दोन्ही सेन्सर वेगवेगळे बघता येतात. पीआयडी, म्हणजे ईसीयूकडून एकेक आकडा मागायचा नंबर: ४९ म्हणजे डी, ४ए म्हणजे ई. अ‍ॅपमध्ये बाकी सगळं बंद करून फक्त हे दोनच ठेवायचे, कारण स्वस्तातलं अ‍ॅडॉप्टर सेकंदाला मोजकीच रीडिंग देतं आणि दहा गोष्टी मागितल्या की प्रत्येकीचा नंबर उशिरा लागतो.

थंड गाडी, किल्ली ऑन, इंजिन बंद. पाय काढलेला: डी १४.९ टक्के, ई ७.५ टक्के. पूर्ण दाबलेला: डी ७६.९, ई ३८.४.

पाय काढलेला असताना १५ टक्के दिसतंय म्हणजे पेडल अडकलंय असं नाही, हा आकडा ५ व्होल्टचा हिस्सा आहे. १४.९ टक्के म्हणजे साधारण ०.७५ व्होल्ट. शून्यापासून सुरुवात मुद्दाम ठेवत नाहीत, कारण वायर तुटली तर शून्य दिसणार आणि ते ओळखता आलं पाहिजे. वरही तसंच, पूर्ण दाबूनही ५ च्या बरंच खाली थांबतं. माझ्या गाडीत ई कायम डीच्या निम्मा असतो. सगळ्या गाड्यांत असंच असतं असं नाही, काहींत दोघांमध्ये ठरावीक फरक ठेवलेला असतो, काहींत अ‍ॅपच ई दुप्पट करून दाखवतं. म्हणून गाडी नीट चालत असताना थंडपणी हे चार आकडे लिहून ठेवा. पुढे माझं सगळं गाडं या चार आकड्यांवरच चाललं.

पेडल हळूहळू दाबत, सोडत बराच वेळ बघत बसलो. कुठेही झटका नाही, खड्डा नाही, दोघं हातात हात घालून वर जातात आणि खाली येतात. दोष काही दिसला नाही.

१३ एप्रिल

मल्टीमीटर घेऊन पेडलखाली झोपलो. (मान दुखते, सीट पूर्ण मागे घ्या आणि पाय दाराबाहेर काढा. स्टीअरिंगखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नको.)

आधी कनेक्टर काढून वायरिंगच्या बाजूने मोजलं. दोन्ही सप्लाय ५.०२ आणि ५.०१ व्होल्ट, दोन्ही अर्थ बॉडीपर्यंत अर्ध्या ओहमच्या आत. इथवर सगळे करतात आणि वायरिंग ओके म्हणून शिक्का मारतात. पण ही टेस्ट फार कमी सांगते. मल्टीमीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली किंवा मध्ये गंज असला तरी तो पूर्ण ५ व्होल्ट दाखवतो. पाइप चोंदलेला असला तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्णच लागतं, तसं.

म्हणून कनेक्टर परत लावला आणि मागून, वायर जिथून आत जाते त्या रबराच्या कडेने टाचणी सारून मोजलं. वायरीचं कव्हर भोसकायचं नाही, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं आणि वर्षभराने नवीनच दुखणं निघतं. लोडवर सप्लाय दोन्ही ५.०, डी ०.७५ वरून ३.८५, ई ०.३७ वरून १.९२. जसं हवं तसंच.

मग पेडल काढून ओहममध्ये. डीचा पूर्ण ट्रॅक १.२ किलो ओहम, ईचा १.७ किलो ओहम, म्हणजे आत घासणारा पोटेन्शिओमीटर आहे (रेझिस्टन्सची पट्टी म्हणजे ट्रॅक, तिच्यावरून सरकणारा संपर्क म्हणजे वायपर), हॉल सेन्सरवाला (न घासता चुंबकावर चालणारा) असता तर ओहममध्ये मोजून काही अर्थ नव्हता. तेही ठीक.

हे सगळं सकाळी, थंड गाडीवर केलं. थंड गाडीवर दोष येतच नाही हे आधीपासून माहीत होतं, तरी.

१४ एप्रिल

ब्रेकचा स्विच बघून घेतला. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबली की ईसीयू ब्रेकचं ऐकतो आणि रेस कापतो, त्यामुळे ब्रेक स्विच बिघडला तरी लक्षण असंच दिसू शकतं. स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा सुटतो, लाइव्ह डेटात दोन्ही एकदमच बदलले पाहिजेत. बदलतात. शिवाय स्विचचा दोष असता तर कोड पी ०५०४ सारखा आला असता. विषय बंद.

१९ एप्रिल

पेडलचा कनेक्टर काढला, पिना बघितल्या, हिरवट-काळं काही नाही, तरी कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन-चार वेळा काढला-लावला. त्यानंतर भर दुपारी गाडी चालवली, उन्हात उभी केली, काही नाही. दोष गेला असं वाटलं.

२ मे

गेला नव्हता. आज परत, आणि या वेळी कोड दोन, २१३८ च्या सोबतीला २१२८.

कनेक्टर काढून-लावल्यावर दोष काही दिवस गायब होतो, हा या कामातला सगळ्यात मोठा चकवा आहे. कनेक्टर ढकलताना पिना हलतात, आतलं जे काही सैल आहे ते थोडं जागेवर बसतं. आणि पेडल बदलायचं तर कनेक्टर काढावा-लावावाच लागतो. त्यामुळे नुसतं पेडल बदललं आणि गाडी बरी झाली यावरून पेडलच खराब होतं हे सिद्ध होत नाही, आणि नवीन पेडल टाकूनही आठवड्याभरात परत आलं असं म्हणणाऱ्यांचं नेमकं काय झालं असेल तेही यातून कळतं.

२१२८ म्हणजे ईचा व्होल्टेज फार जास्त. ज्यांनी स्कॅनरवर बघितलं त्यांचं म्हणणं पडलं की हाय म्हणजे कुठेतरी ५ व्होल्टला शॉर्ट आहे, पूर्ण वायरिंग उघडावं लागेल. शक्य आहे, पण एक दुसरी वाटही आहे. पोटेन्शिओमीटरचा अर्थ पूर्ण तुटला तर ट्रॅकमधून करंट जायला रस्ताच उरत नाही, अख्खा ट्रॅक सप्लायच्या व्होल्टेजकडे वर चढतो आणि सिग्नलही त्याच्याबरोबर वर जातो. सप्लाय किंवा सिग्नलची वायर तुटली तर उलट व्हायला हवं, सिग्नल खाली पडून २१२७ यायला हवा. म्हणजे हाय कोड आला तर शॉर्ट शोधण्याआधी अर्थ बघायचा. वायरिंग उघडण्यापेक्षा हे दहापट सोपं काम आहे.

४ मे

भंगारातून सेकंडहँड पेडल आणलं, नुसतं लावून बघायला. कनेक्टर तोच, बोल्टची भोकं तीच, आकार हुबेहूब. लावलं, किल्ली ऑन केली, लगेच दिवा. लाइव्ह डेटात डी १६ टक्के आणि ई ३२ टक्के, पाय काढलेला असताना. म्हणजे हे पेडल दुसऱ्या पद्धतीचं, यात ई हा डीच्या वर ठरावीक अंतर ठेवून चालतो, निम्मा नसतो. ईसीयूच्या दृष्टीने ते कधीच जुळणार नाही.

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघायला हवा होता, युनिटच्या बाजूला छापलेला असतो, नुसता कनेक्टर बसतोय म्हणून घ्यायचं नाही. पैसे गेले, परत घेत नाहीत. जुनं पेडल परत बसवलं.

१० मे

रस्त्यावर दोष येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा उभ्या गाडीतच तो आणायचं ठरवलं. गाडी उन्हात, काचा बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. किल्ली ऑन, इंजिन बंद. फोनवर डी आणि ईचं लॉगिंग चालू ठेवलं आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन एकदा पेडल सावकाश पूर्ण दाबून सावकाश सोडायचं, बस. बॅटरी बसू नये म्हणून चार्जर लावून ठेवला, किल्ली ऑन ठेवून तास-दीड तास गेला तर बॅटरी खाली येते आणि मग आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

लॉगची फाइल कॉम्प्युटरवर घेतली आणि एक कॉलम वाढवला: ई गुणिले दोन, वजा डी. गाडी ठीक असेल तर हा शून्याजवळ राहायला हवा. आकडा ०.३९ टक्क्याच्या पायरीने येतो, दुप्पट केल्यावर ०.७८, त्यामुळे पाऊण टक्क्याची हालचाल मोजमापातलीच समजायची, तिच्यामागे लागायचं नाही.

पहिला बराच वेळ शून्य. मग आतली हवा तापली तसा कॉलम वर सरकायला लागला, आणि एका ठिकाणी थांबला नाही, येऊन-जाऊन करत होता. त्यातला एक टप्पा इथे देतो. पाय काढलेला: डी १४.९, ई ९.८, फरक ४.७. त्यानंतर लगेच पूर्ण दाबलं तेव्हा: डी ७६.९, ई ४०.०, फरक ३.१. ई १०.६ ला पोचला तेव्हा दिवा लागला, आणि तेव्हा पेडलला कोणी हातही लावलेला नव्हता. ९ एप्रिलची फ्रीझ फ्रेम हेच सांगत होती.

११ मे

कालच्या आकड्यांवर कागद-पेन घेऊन बसलो. या कामात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डी थंडपणी जिथे होता तिथेच आहे, दोन्ही टोकांना. हललाय तो ई. आणि तो वर गेलाय, खाली नाही. आणि पाय काढलेला असताना चूक जास्त आहे, पूर्ण दाबल्यावर कमी झालीय पण गेलेली नाही.

आता दोष कुठे असेल तर काय दिसेल ते बघू. ईच्या सप्लायमध्ये अडथळा असता तर ट्रॅकला ५ ऐवजी समजा ४.७ व्होल्ट मिळाले असते आणि सिग्नल त्याच प्रमाणात खाली आला असता. पाय काढलेला असताना मुळात सिग्नलच लहान, त्यामुळे ०.३७ चा ०.३५ झाला असता, फरक एक टक्क्याच्या आत, कोणाला दिसलाही नसता. पूर्ण दाबल्यावर १.९२ चा १.८० झाला असता आणि फरक उणे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास गेला असता. म्हणजे सप्लायचा दोष पेडल दाबल्यावर उघडा पडतो, आणि खालच्या दिशेने.

ईच्या अर्थमध्ये अडथळा असेल तर ट्रॅकचं खालचं टोक शून्यावर न राहता वर उचललं जातं. वायपर खालच्या टोकाजवळ असताना, म्हणजे पाय काढलेला असताना, ती उचल जवळजवळ पूर्ण सिग्नलमध्ये येते. वायपर वर सरकत गेला की तिचा हिस्सा कमी होत जातो. ई ट्रॅकच्या ३८ टक्क्यांपर्यंतच जातो, म्हणून पूर्ण दाबल्यावरही चूक साधारण दोन तृतीयांश शिल्लक राहायला हवी. ४.७ चे दोन तृतीयांश म्हणजे ३.१. लॉगमध्ये ३.१ च आहे.

ट्रॅक घासलेला असता तर तिसरंच चित्र, चूक ठरावीक जागीच आली असती, पेडलच्या एका विशिष्ट कोनाला खड्डा किंवा टोक आणि बाकी ठिकाणी ठीक. सिग्नलच्या वायरीत थोडा अडथळा असता तर फारसं काहीच दिसलं नसतं, कारण ईसीयूचं इनपुट करंट जवळपास घेतच नाही.

म्हणजे ईचा अर्थ. ०.३७ चा सिग्नल ०.४९ झालाय, त्यावरून खालचं टोक सुमारे ०.१३ ते ०.१४ व्होल्ट उचललंय. १.७ किलो ओहमच्या ट्रॅकमधून जेमतेम ३ मिलिअँपिअर जातो, तर अडथळा निघतो ५० ओहमच्या आसपास. ५० ओहम हेडलाइटच्या वायरीत आला असता तर दिवा लागलाच नसता आणि पाच मिनिटांत सापडला असता, इथे तो ३ मिलिअँपिअरच्या आड लपून बसतो.

१६ मे

आता प्रश्न एवढाच की हे ५० ओहम कुठे आहेत, गाडीच्या वायरिंगमध्ये की पेडलच्या आत.

उन्हाच्या भरवशावर राहायचं नव्हतं म्हणून हेअर ड्रायर. हॉट एअर गन वापरू नका, प्लास्टिक वाकतं. कनेक्टरच्या मागून दोन टाचण्या, एक डीच्या अर्थला, एक ईच्या अर्थला, आणि मल्टीमीटर मिलिव्होल्टवर या दोघींच्या मध्ये. दोन्ही अर्थ शेवटी ईसीयूमध्ये एकाच ठिकाणी जातात, त्यामुळे हा आकडा जवळपास शून्य असायला हवा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त आवडली, बॉडीतून जाणारे बाकीचे करंट मध्ये येत नाहीत आणि लांब वायर लागत नाही.

आधी ड्रायर वायरिंगवर, पेडलच्या मागे जिथे लूम (वायरींचा जुडगा) वाकते तिथे, नंतर वर जाईल तितकं. मीटर १ मिलिव्होल्ट, फोनवर ई ७.५. वायर हलवली, ओढली, पिळली, काही नाही.

मग मध्ये पुठ्ठा धरून ड्रायर फक्त पेडलच्या युनिटवर. थोड्या वेळात फोनवर ई ८.२, ९.०, ९.४ असा चढायला लागला. मीटर अजूनही १ मिलिव्होल्ट.

म्हणजे ईसीयूपासून टाचणीपर्यंतचा अर्थ स्वच्छ आहे आणि दोष टाचणीच्या पुढे आहे. पूर्ण वायरिंग उघडायचा सल्ला ऐकला असता तर किती दिवस गेले असते देव जाणे, आणि हाती काहीच लागलं नसतं.

टाचणीच्या पुढे मात्र अजून दोन जागा उरतात. एक कनेक्टरमधलं मादी टर्मिनल, ते सैल झालं असेल तर पिन नीट धरत नाही, आणि मागून टाचणी लावून हे कळत नाही कारण टाचणी वायरीच्या बाजूला असते. दुसरी पेडलच्या आत. टर्मिनलसाठी त्याच मापाची सुटी पिन सहाही घरात एकेक करून घातली आणि काढताना किती ओढ लागते ते बघितलं. सगळ्यांची पकड सारखी. मल्टीमीटरचं जाड टोक तिथे घुसवायचं नाही, चांगलं टर्मिनलही फाकतं, आणि मग खरोखरच तिथे दोष तयार होतो.

१७ मे

पेडल उघडलं. आता ते परत गाडीत कायमचं वापरायचं नाही हे ठरवूनच उघडलं, कारण सेन्सरचं झाकण चिकटवलेलं असतं आणि एकदा सोडवलं की धूळ-पाणी रोखणारं सील परत पहिल्यासारखं बसत नाही. पातळ पात्याने कडेकडेने सोडवत गेलो, बराच वेळ लागला, एका कोपऱ्याचा टवका उडालाच.

ट्रॅक बघितले, भिंगातून. घासल्याची फिकट पट्टी आहे पण कुठे खरवडलेलं नाही, खड्डा नाही. इतकी वर्षं वापरून एवढं चालतंच. मग पिना जिथे आतल्या बोर्डाला सोल्डर केल्यात तिकडे गेलो. पाच जागा चकचकीत. सहाव्या पिनेभोवती, म्हणजे ईच्या अर्थच्या, सोल्डरमध्ये बारीक गोल काळी रेघ, पिनेला प्रदक्षिणा घालून आलेली. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, भिंग तिरकं धरून उजेड बाजूने पाडला तेव्हा दिसली.

दिसली म्हणून तेच कारण असं लगेच धरलं नाही. उघडंच पेडल गाडीच्या कनेक्टरला जोडलं, किल्ली ऑन, मल्टीमीटरचं एक टोक पिनेवर आणि दुसरं त्याच सोल्डरपासून निघणाऱ्या बोर्डाच्या पट्टीवर. थंड असताना ० मिलिव्होल्ट. ड्रायर फिरवला तसं ३०, ७०, १२० मिलिव्होल्ट. लाकडी काडीने पिन किंचित बाजूला दाबली की आकडा उडायचा, एकदा तर पूर्ण सुटलं आणि फोनवर ई थेट वर. तो २१२८.

असं का होतं, तर कनेक्टर घालताना-काढताना जोर पिनेवर येतो आणि पिनेला धरून ठेवणारं प्लास्टिक थोडं हललं की तो जोर सोल्डरपर्यंत पोचतो. वर रोजचं तापणं आणि गार होणं. प्लास्टिक, तांबं आणि बोर्ड प्रत्येक जण वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. थंडपणी रेघेच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतात, त्यामुळे १३ एप्रिलला ओहममध्ये सगळं छान आलं. आणि मी कनेक्टर काढून-लावला तेव्हा त्या कडा एकमेकींवर पुन्हा बसल्या, म्हणून मधले ते बरे दिवस.

जुनं सोल्डर काढून नवीन भरलं, फक्त खात्री करायला. ड्रायर लावून युनिट हाताला चटका बसेल इतकं तापवलं, ई ७.५ वरून हलला नाही.

इथे विचारणारे असतील की मग हेच का नाही चालवायचं. नाही चालवायचं. सील गेलंय, बाकीच्या पाच जोडांनी तेवढीच वर्षं काढलीत, आणि हा पार्ट रेसचा आहे. ईसीयू दोन सेन्सरची तुलना करतो म्हणून गाडी आपोआप धावत सुटायची भीती कमी आहे हे खरं, पण ओव्हरटेक करताना मध्येच रेस गेली तर तीही काही छोटी गोष्ट नाही.

२३ मे

नवीन पेडल, पार्ट नंबर जुन्या युनिटवरून अक्षर न अक्षर जुळवलेला. खर्चाच्या बाजूला हे पेडल आणि ते भंगारातलं, एवढेच मोठे आकडे. अ‍ॅडॉप्टर, टाचण्या, ड्रायर घरचेच.

बसवायला फार काही नाही, तीन नट, कनेक्टर. बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच कनेक्टर बदलला. नट घट्ट करण्याआधी पेडल पूर्ण खाली दाबून बघा, खालची मॅट मध्ये येत नाही ना आणि सोडल्यावर झटक्यात वर येतं ना.

मग ईसीयूला नवीन पेडल शिकवणं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असं दिलंय की पाय न लावता किल्ली ऑन करायची, थोडं थांबायचं, पेडल सावकाश पूर्ण दाबायचं, सोडायचं, किल्ली बंद. प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी, काहींना स्कॅनरमधूनच करावं लागतं, काहींना काहीच लागत नाही, आपापल्या मॅन्युअलमध्ये बघा. किल्ली ऑन करताना सवयीने पाय पेडलवर ठेवला तर काही ईसीयू तीच शून्याची जागा समजतात, तेवढं टाळा.

कोड पुसले. थंडपणी डी १५.३, ई ७.५, पूर्ण दाबल्यावर डी ७७.३, ई ३८.८. जुन्यापेक्षा एखादी पायरी इकडेतिकडे, चालतं.

६ जून

मधल्या काळात १० मेचीच टेस्ट पुन्हा केली, त्याच जागी, उन्हात, काचा बंद, चार्जर लावून. फरकाचा कॉलम पूर्ण वेळ एका पायरीच्या आत. हेअर ड्रायरने नवीन युनिटही तापवून बघितलं, हलत नाही. रस्त्यावर दुपारची चालवली, परत दिवा नाही, साठवलेला किंवा पेंडिंग कोडही नाही. पेंडिंगमध्ये नक्की बघा, दिवा न लागताही एखादा कोड तिथे बसलेला असतो.

भंगारातलं पेडल अजून पडून आहे, ज्यांच्या गाडीत ई हा डीच्या वर ठरावीक अंतराने चालतो त्यांच्या कामी येईल. सोल्डर केलेलं जुनं युनिट टेस्टिंगसाठी ठेवलंय, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "गाडीत बसवू नका" लिहिलंय.